सूक्ष्मदर्शकाचं कोनीय विशालन: ८०, ९६, १०१ की ११०?

प्रश्न थोडक्यात असा आहे. संयुक्त सूक्ष्मदर्शकाच्या पदार्थभिंगाचं (वस्तूकडच्या भिंगाचं) नाभीय अंतर १ सेंमी, नेत्रिकेचं (डोळ्याकडच्या भिंगाचं) ५ सेंमी, दोन भिंगांमधलं अंतर २२ सेंमी. कोनीय विशालन किती? पुस्तकाच्या मागे उत्तर ८० दिलंय. विचारणाऱ्याने पायरीपायरीने गणित केलं तर १०१ आलं, मित्राला ११० मिळालं, आणि वहीत उतरवलेलं सूत्र लावलं तर ९६. चौघांपैकी खरं कोण?

आधी निकाल सांगून टाकतो. ८० बरोबर. १०१ सुद्धा बरोबर. ९६ अंदाज म्हणून चालेल. ११० चूक. मी बरीच वर्षं प्रकाशिकीची प्रात्यक्षिकं घेतोय आणि दरवर्षी हाच घोळ याच चार चेहऱ्यांनी समोर येतो. मुलांना सूत्रं पाठ असतात, पण कोन कुठला आणि नळीची लांबी कुठून कुठपर्यंत मोजायची हे कुणी विचारलेलं नसतं.

विशालन म्हटलं की डोक्यात पहिल्यांदा येतं ते ‘प्रतिमेची उंची भागिले वस्तूची उंची’. आरसा-भिंगांच्या धड्यात ते ठीक होतं. पण डोळ्याला उंची कळत नाही, कोन कळतो. हात लांब करून अंगठा धरला की अख्खा चंद्र झाकला जातो. अंगठा चंद्रापेक्षा मोठा थोडाच आहे! चंद्र डोळ्याशी साधारण अर्ध्या अंशाचा कोन करतो आणि अंगठा त्याहून मोठा, एवढंच. दृष्टिपटलावरची प्रतिमा किती पसरते ते या कोनावर ठरतं.

उंचीचा हट्ट धरला तर काय होतं तेही बघा. सूक्ष्मदर्शक असा लावला की शेवटची प्रतिमा अनंत अंतरावर गेली, तर तिची उंचीही अनंत. मग विशालन अनंत म्हणायचं का? नळीतून बघणाऱ्याला तर पेशी ठरावीक आकाराचीच दिसते. कारण उंची आणि अंतर दोन्ही एकत्र वाढतात, त्यांचं गुणोत्तर जागच्या जागी राहतं. ते गुणोत्तर म्हणजेच कोन.

तर व्याख्या अशी: अंशस्थानी, उपकरणातून बघताना शेवटची प्रतिमा डोळ्याशी करते तो कोन. छेदस्थानी, तीच वस्तू नुसत्या डोळ्याने २५ सेंमीवर धरून बघितली तर ती करेल तो कोन. छेदातली वस्तू सूक्ष्मदर्शकाखाली जिथे आहे तिथली नाही, २५ सेंमीवरची. इथे पुष्कळजण घसरतात. वस्तू पदार्थभिंगापासून सेंटिमीटरभर अंतरावर आहे म्हणून तेच अंतर छेदात घालतात. पण एक सेंटिमीटरवरचं नुसत्या डोळ्याला दिसणारच नाही, मग तुलना कसली?

२५ सेंमी हा निसर्गनियम नाही, ठरवून घेतलेला आकडा आहे. लहान मुलाला दहा सेंटिमीटरवरचंही स्पष्ट दिसतं, आणि चाळिशी लागलेला माणूस वर्तमानपत्र हातभर लांब धरतो. तरी सगळ्यांची मोजणी एकाच मापाने व्हावी म्हणून २५ धरतात. नेत्रिकेवर १०× कोरलेलं असतं ते याच हिशोबाने: २५० मिमी भागिले २५ मिमी.

आता गणित. चिन्ह संकेत मी शेवटी लावतो, मध्ये सगळी अंतरं धन घेतो. उणे चिन्हांच्या गर्दीत चुका जास्त होतात असा माझा अनुभव आहे.

वस्तू धरू ०.१ मिमी उंचीची. नुसत्या डोळ्याने २५० मिमीवर तिचा कोन ०.१ ÷ २५० = ०.०००४ रेडियन. निरोगी डोळा साधारण ०.०००३ रेडियनपर्यंतचा, म्हणजे एका कलेचा (अंशाच्या साठाव्या भागाचा), तपशील ओळखतो. म्हणजे ही वस्तू नुसत्या डोळ्याला जेमतेम एक ठिपका. कोन इतका बारीक आहे की कोन आणि त्याचं टॅन (tan) गुणोत्तर यांत फरक करायची गरज नाही.

पहिली स्थिती: डोळा सैल, शेवटची प्रतिमा अनंत अंतरावर. नेत्रिकेतून समांतर किरण बाहेर पडायचे असतील तर मधली प्रतिमा नेत्रिकेच्या नाभीवरच पडायला हवी, म्हणजे नेत्रिकेच्या ५ सेंमी अलीकडे. पदार्थभिंगापासून ते अंतर २२ − ५ = १७ सेंमी. पदार्थभिंगाचं नाभीय अंतर १ सेंमी असताना १७ सेंमीवर प्रतिमा पडायला वस्तू कुठे हवी? १७ × १ ÷ (१७ − १) = १.०६२५ सेंमी. नाभीच्या किंचित पलीकडे. पदार्थभिंगाने केलेलं विशालन १७ ÷ १.०६२५ = १६. आपली ०.१ मिमीची वस्तू मध्ये १.६ मिमीची, उलटी, वास्तव प्रतिमा होऊन बसली. नेत्रिका हे तिच्यावर धरलेलं साधं भिंगच. त्यातून दिसणारा कोन १.६ ÷ ५० = ०.०३२ रेडियन, जवळपास १.८ अंश. भागाकार करा: ०.०३२ ÷ ०.०००४ = ८०. पुस्तकाचं उत्तर हेच.

दुसरी स्थिती: शेवटची प्रतिमा नेत्रिकेपासून २५ सेंमीवर. आता मधली प्रतिमा नेत्रिकेच्या नाभीच्या आत यायला हवी. १/५ + १/२५ = ६/२५, म्हणून नेत्रिकेपासून तिचं अंतर २५ ÷ ६ = ४.१६७ सेंमी. पदार्थभिंगापासून २२ − ४.१६७ = १७.८३३ सेंमी. पदार्थभिंगाचं विशालन १६.८३३, नेत्रिकेचं ६, गुणाकार १०१. विचारणाऱ्याने हेच केलंय आणि त्यात एकही चूक नाही. इथे प्रतिमाही २५ सेंमीवर आणि तुलनेची वस्तूही २५ सेंमीवर, त्यामुळे कोनांचं गुणोत्तर आणि उंचीचं गुणोत्तर एकच येतं, अर्थात डोळा नेत्रिकेला चिकटून आहे असं धरलं तर. ही अट लक्षात ठेवा, पुढे तिची गंमत सांगतो.

मित्राचे ११० कुठून आले ते उघड आहे. त्याने २२ ÷ १ = २२ आणि २५ ÷ ५ = ५ असा गुणाकार केला. सूत्र त्याला माहीत आहे:

विशालन = (नळीची लांबी ÷ पदार्थभिंगाचं नाभीय अंतर) × (२५ ÷ नेत्रिकेचं नाभीय अंतर)

सूत्र बरोबर आहे, पण त्यातली ‘नळीची लांबी’ म्हणजे दोन भिंगांमधलं अंतर नव्हे. पदार्थभिंगाची आतल्या बाजूची नाभी आणि नेत्रिकेची आतल्या बाजूची नाभी, या दोघींमधलं ते अंतर आहे. आपल्या उदाहरणात २२ − १ − ५ = १६. हे पाठ करायची गरज नाही. पदार्थभिंगाचं विशालन म्हणजे प्रतिमेचं अंतर भागिले वस्तूचं अंतर. भिंगाचं समीकरण वापरून वस्तूचं अंतर काढून टाकलं की उरतं (प्रतिमेचं अंतर − नाभीय अंतर) ÷ नाभीय अंतर. कंसातली वजाबाकी म्हणजेच नाभीपासून पुढे मधल्या प्रतिमेपर्यंतची मोकळी जागा. मधली प्रतिमा नेत्रिकेच्या नाभीवर असेल तर तीच नळीची लांबी.

पदार्थभिंग दोन-चार मिलिमीटरचं, नेत्रिका अडीच सेंटिमीटरची आणि नळी लांब असेल, तर काही पुस्तकं सरळ भिंगांमधलं अंतर घालून मोकळी होतात. ‘अंदाजे’ हा शब्द तिथे बारीक अक्षरांत असतो आणि तो कुणी वाचत नाही. आपल्या गणितात नेत्रिकाच ५ सेंमीची आहे. ८० च्या जागी ११० म्हणजे चूक ३७ टक्क्यांची. त्याला अंदाज म्हणता येणार नाही.

९६ ची गोष्ट निराळी. त्यात नळीची लांबी १६ बरोबर घेतलीय आणि नेत्रिकेसाठी १ + २५/५ = ६ हेही बरोबर. पण दोन्ही एकाच स्थितीतले नाहीत. १६ हे सैल डोळ्याच्या स्थितीतलं, ६ हे २५ सेंमीच्या स्थितीतलं. शेवटची प्रतिमा जवळ आणली की मधली प्रतिमाही ०.८३ सेंमी नेत्रिकेकडे सरकते आणि पदार्थभिंगाचं विशालन १६ चं १६.८३ होतं. हा सरकलेला पाऊण सेंटिमीटर ९६ मध्ये धरलेलाच नाही. चूक पाच टक्क्यांची, परीक्षेत बहुधा खपून जाईल. पण दोन भिंगांमधलं अंतर दिलेलं असेल तर सूत्राच्या नादी न लागता मागून पुढे या: शेवटची प्रतिमा कुठे, त्यावरून मधली कुठे, त्यावरून वस्तू कुठे. वेळ दोन ओळींचा जास्त जातो.

आता ८० आणि १०१. दोन्ही बरोबर असतील तर प्रत्यक्ष बघताना काय दिसतं? वस्तूची जागा तपासा. पहिल्या स्थितीत १.०६२५ सेंमी, दुसऱ्या स्थितीत १७.८३३ ÷ १६.८३३ = १.०५९४ सेंमी. फरक ०.००३१ सेंमी, म्हणजे ०.०३१ मिमी. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. बारीक फोकसची चकती जराशी फिरली की तुम्ही एका उत्तरातून दुसऱ्या उत्तरात जाता, आणि कुठे थांबलात ते तुम्हालाही कळत नाही, कारण डोळा आपलं भिंग आपोआप जुळवून घेतो. खरोखर चकती फिरवून बघा: पेशी धूसर होते, स्पष्ट होते, पण ८० ची १०१ झाल्यासारखी फुगताना कधी दिसत नाही. का नाही?

कारण डोळा नेत्रिकेला चिकटलेला नसतो. दिवा चालू असताना नेत्रिकेवर पातळ कागद धरून हळूहळू वर न्या. कागदावरचं उजळ वर्तुळ आधी मोठं असतं, मग लहान होत होत एका उंचीवर अगदी छोटं आणि काठ रेखीव असलेलं दिसतं, पुढे पुन्हा पसरतं. ते वर्तुळ म्हणजे नेत्रिकेने पाडलेली पदार्थभिंगाची प्रतिमा. डोळ्याची बाहुली तिथे ठेवली तरच सगळं दृश्य एकदम दिसतं, नाहीतर कडा काळ्या पडतात. आपल्या उदाहरणात ती जागा नेत्रिकेपासून २२ × ५ ÷ (२२ − ५) = ६.४७ सेंमीवर येते. खऱ्या नेत्रिकेत भिंगांची रचना वेगळी असल्यामुळे ती पुष्कळ जवळ असते, पण तत्त्व तेच.

आता दुसऱ्या स्थितीचा हिशोब डोळा तिथे ठेवून करा. शेवटची प्रतिमा ०.१ मिमीच्या १०१ पट, म्हणजे १०.१ मिमी उंच, नेत्रिकेमागे २५ सेंमीवर. डोळ्यापासून तिचं अंतर २५ + ६.४७ = ३१.४७ सेंमी. कोन १०.१ ÷ ३१४.७ = ०.०३२१ रेडियन. भागिले ०.०००४, उत्तर ८०.२. पहिल्या स्थितीत बाहेर पडणारे किरण समांतर असतात, म्हणून डोळा कुठेही धरला तरी ८०. म्हणजे डोळा जिथे ठेवायचा तिथे ठेवला की दोन्ही स्थितींत ८०. १०१ हा आकडा गणित म्हणून निर्दोष आहे, पण तो मिळवायला डोळा अशा जागी न्यावा लागतो जिथून धड दिसत नाही. म्हणून मला विचाराल तर मी ८० लिहीन, आणि बाजूला ‘शेवटची प्रतिमा अनंताला धरली’ अशी ओळ लिहीन. प्रश्नात २५ सेंमी स्पष्ट म्हटलं असेल तर मात्र १०१. परीक्षकाशी वाद घालू नये. आणि मधली प्रतिमा उलटी असल्यामुळे चिन्ह उणे.

हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने बघितला तर आणखी सोपा होतो. दोन भिंगं आणि मधली नळी मिळून एकच भिंग समजा. त्याचं नाभीय अंतर येतं १ × ५ ÷ १६ = ०.३१२५ सेंमी. साध्या भिंगाचं सूत्र लावा: २५ ÷ ०.३१२५ = ८०. अख्खा संयुक्त सूक्ष्मदर्शक म्हणजे ३.१ मिमी नाभीय अंतराचं एक भिंग, फक्त उलटी प्रतिमा दाखवणारं. मग एकच बारीक भिंग का वापरू नये? डच सूक्ष्मदर्शककार लेवेनहुकने सतराव्या शतकात नेमकं हेच केलं. त्याचा एक एकभिंगी सूक्ष्मदर्शक उट्रेख्टच्या संग्रहालयात आहे, तो सुमारे २७० पट मोठं दाखवतो. २५० ÷ २७०, म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर मिलिमीटरभरही नाही! वस्तू त्या भिंगापासून मिलिमीटरभर अंतरावर आणि डोळा भिंगाला जवळजवळ टेकलेला. दोन भिंगांच्या रचनेत ही कुचंबणा सुटते. आपल्या उदाहरणात समतुल्य नाभीय अंतर ३.१ मिमी असूनही वस्तू भिंगापासून १०.६ मिमी दूर आहे आणि डोळाही ऐसपैस जागी आहे.

प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाकडे वळलात की सूत्राची गरजच संपते: पदार्थभिंगावरचा आकडा गुणिले नेत्रिकेवरचा आकडा. ४०× आणि १०× म्हणजे ४००. मात्र पदार्थभिंगावरचे बाकीचे आकडे समजून घ्या. जुन्या धाटणीच्या भिंगावर ‘१६०/०.१७’ असतं. ०.१७ ही कव्हरस्लिपची, म्हणजे नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचेची, जाडी मिलिमीटरमध्ये. १६० मिमी ही यांत्रिक नळीची लांबी, पदार्थभिंग जिथे टेकतं त्या खांद्यापासून नेत्रिका जिथे बसते त्या काठापर्यंत. ती नाभी ते नाभी नाही, तेव्हा १६० उचलून वरच्या सूत्रात घालू नका.

नव्या सूक्ष्मदर्शकांच्या पदार्थभिंगावर १६० च्या जागी ∞ असतं. त्यातून समांतर किरण बाहेर पडतात आणि नळीतलं वेगळं भिंग मधली प्रतिमा पाडतं. तिथे पदार्थभिंगाचा आकडा म्हणजे नळीतल्या भिंगाचं नाभीय अंतर भागिले पदार्थभिंगाचं नाभीय अंतर. निकॉन आणि लायका या कंपन्या नळीत २०० मिमीचं भिंग धरतात, ऑलिंपस १८० मिमीचं, झाइस १६५ मिमीचं. म्हणजे ४०× चं पदार्थभिंग एकाकडे ५ मिमीचं आणि दुसऱ्याकडे ४.५ मिमीचं. ४.५ मिमीचं उचलून २०० मिमीच्या नळीवर बसवलं तर विशालन ४० नव्हे, ४४.४. एका प्रयोगशाळेत अशाच उसन्या भिंगामुळे सगळ्या पेशी ठरलेल्या मापापेक्षा एकदशांशाने मोठ्या भरत होत्या, आणि दोन दिवस आम्ही दोष नमुन्याला देत होतो.

आकडा वाढवत नेला म्हणून तपशील वाढत नाही हेही इथेच सांगायला हवं. १८७३ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबेने दाखवलं की किती बारीक तपशील सुटा दिसेल याची मर्यादा प्रकाशाची तरंगलांबी आणि भिंगाचं न्यूमेरिकल ॲपर्चर (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं ते सांगणारा आकडा) ठरवतात. पदार्थभिंगावर ‘४०/०.६५’ असेल तर ०.६५ हे ते ॲपर्चर. हिरव्या, ५५० नॅनोमीटरच्या प्रकाशात सुट्या दिसणाऱ्या दोन बिंदूंमधलं अंतर ०.६१ × ५५० ÷ ०.६५, म्हणजे जवळपास ५२० नॅनोमीटर. एवढा तपशील डोळ्याला आरामात दिसावा यासाठी एकूण विशालन ॲपर्चरच्या ५०० ते १००० पट पुरतं: ३२५ ते ६५०. ४०० त्यात बसतं. त्याच भिंगावर २५× ची नेत्रिका चढवून १००० केलं तर चित्र मोठं होईल आणि धूसरही.

आणि कॅमेरा लावून पडद्यावर बघत असाल तर कोनीय विशालन विसरा. पडदा जवळ घेतला की कोन वाढतो, लांब नेला की घटतो. तिथे चित्रावर मापपट्टी हवी.

तुमचं उत्तर प्रत्यक्ष पडताळता येतं, तेही डोळ्यांनीच. स्टेजवर, म्हणजे नमुना ठेवायच्या जागी, मायक्रोमीटरची काचपट्टी ठेवा, तिच्यावर १ मिमीचे १०० भाग असतात. १०× पदार्थभिंग, १०× नेत्रिका. शेजारी साधी मोजपट्टी ठेवा. एक डोळा नेत्रिकेत, दुसरा उघडा, मोजपट्टीवर. सुरुवातीला मेंदू एकच चित्र निवडतो; घाई न करता थांबलात की दोन्ही एकमेकांवर तरंगू लागतात. मायक्रोमीटरचे १० भाग, म्हणजे ०.१ मिमी, पट्टीवर १० मिमी व्यापत असतील तर विशालन १००.

मुलं पट्टी टेबलावर ठेवतात आणि १४० मिळालं म्हणून घाबरून येतात. सूत्र चुकलेलं नसतं. टेबल डोळ्यापासून ३५ सेंमी खाली असतं, आणि ३५ ÷ २५ म्हणजे १.४. पट्टीखाली दहा सेंटिमीटर उंचीचा खोका सरकवा आणि पुन्हा मोजा.